टाक्यांच्या रांगेतली गळती

मुंबईत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची गोष्ट जे. जे. रुग्णालयापासून सुरू होते. १९९० मध्ये डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी तिथे दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि पुढे ते तंत्र उपनगरांतल्या नर्सिंग होमपर्यंत पोचलं. पोट छोटं करायचं ऑपरेशन मात्र बराच काळ कुजबुजीतच राहिलं. २०११ मध्ये भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि लोकांचा संकोच बराच सैलावला. आपल्याकडे लठ्ठपणाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून झाकायची सोय आहेच. मधुमेह त्या झाकणाखाली निवांत वाढतो.

याच काळात ‘स्लीव्ह’ पुढे आलं. जठराचा पाऊण भाग स्टेपलरने कापून काढायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची. टाक्यांची रांग लांबलचक. तिच्या वरच्या टोकाला, अन्ननलिका जठराला मिळते तिथे, रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. गळती झालीच तर बहुधा तिथेच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,८८८ रुग्णांच्या एकत्रित आढाव्यात गळतीचं प्रमाण २.४ टक्के निघालं. निष्णात सर्जनांच्या हाती ते एका टक्क्याच्या आसपास येतं. आकडा छोटा आहे, पण ज्याच्या पोटात पू साचला त्याला टक्केवारीचं काय?

सुरुवातीच्या वर्षांत सर्जनचा पहिला विचार साहजिक होता: भोक पडलंय, शिवा. पण सुजलेल्या, पुवाने भिजलेल्या भिंतीत टाका धरत नाही. पोट धुवायचं, बाहेरून ड्रेन टाकायचा आणि वाट पाहायची, एवढंच हातात उरे. मग एंडोस्कोपिस्ट, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालणारे डॉक्टर, स्टेंट घेऊन आले. अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी बनवलेली ही झाकलेली धातूची जाळी तोंडावाटे आत सरकवून भोकावर आडोसा करायचा. कल्पना चांगली होती, पण सरळ अन्ननलिकेसाठी घडवलेला स्टेंट वाकड्या नळीत खाली घसरायचा. रुग्णाला ओकाऱ्या, छातीत दुखणं. पुढे लांब, खास स्लीव्हसाठीचे स्टेंट निघाले. घसरण कमी झाली, त्रास राहिलाच. जर्मन बनावटीची मोठी क्लिपही आली. ताज्या, लहान भोकाला ती बरी. जुनाट, कडक झालेल्या कडांवर तिचे दात रुतत नाहीत.

खरा फरक पडला तो भोकावरून नजर हटवल्यावर. स्लीव्हच्या खालच्या टोकाचं दार, म्हणजे पायलोरस, शाबूत असतं. मध्ये नळी जराशी पिळवटली किंवा अरुंद झाली की वरचा दाब वाढतो. गिळलेली लाळसुद्धा मग सोप्या वाटेने, भोकातून, बाहेर जाते. खालची वाट अडलेली असताना वर कितीही ठिगळं लावा, ती सुटणारच. म्हणून ब्राझीलच्या एंडोस्कोपिस्टांनी फुग्याने अरुंद जागा रुंदावायला घेतली. पुवाचा कप्पा आणि नळी यांमधला पडदाही आतूनच कापला, म्हणजे कप्पा नळीतच रिकामा होतो. पॅरिसमध्ये डोनातेल्ली यांच्या गटाने २०१४ च्या सुमारास आणखी साधी वस्तू वापरली: पित्तनलिकेसाठीचा, दोन्ही टोकं वळलेला प्लॅस्टिकचा पिगटेल. एक टोक पुवाच्या कप्प्यात, दुसरं जठरात. भोक बंद करण्याऐवजी त्यातूनच पू आत वाहू द्यायचा. कप्पा आक्रसत जातो आणि मांस भरून येतं. काही आठवड्यांनी पिगटेल बदलायचा. त्याच्या जोडीला नाकातून लहान आतड्यात नळी टाकून पोषण. मला हा सगळ्यांत शहाणा उपाय वाटतो, पण नातेवाइकांना समजावायला तोच सर्वांत अवघड. ‘डॉक्टर, भोक उघडंच ठेवलंय?’ हा प्रश्न येणारच.

स्पंजने आतून पू ओढून घेण्याची पद्धतही आहे. स्पंज दर तीन-चार दिवसांनी बदलावा लागतो, दर वेळी पुन्हा एंडोस्कोपी आणि पुन्हा बिल.

उपनगरवासीयांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा तंत्राचा नाही, वेळेचा आहे. बऱ्याच गळत्या रुग्ण घरी गेल्यावर उघड होतात. बोरिवली-घाटकोपरच्या घरात पोट फारसं दुखत नसतं. नाडी धावते, ताप येतो, डावा खांदा ठणकतो, धाप लागते. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून नारळपाणी दिलं जातं आणि एक रात्र हातची जाते. नाडी १२० च्या वर राहिली, तर गळती नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असंच धरून औषध पाजून सीटी स्कॅन करायचा, ही शिस्त सर्जनांना ठाऊक असते. ती घरच्यांनाही हवी. ऑपरेशन ठरवताना पॅकेजचा भाव विचारतोच आपण. गळती झाली तर स्टेंट-पिगटेल टाकणारा एंडोस्कोपिस्ट याच इमारतीत आहे की रात्री रुग्णाला अँब्युलन्समधून महामार्गाने दुसरीकडे न्यावं लागेल, हेही त्याच बैठकीत विचारावं. आणि आहाराच्या तक्त्याच्या वर, ठळक अक्षरांत, नाडीचा तो आकडा आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर लिहून घ्यावा.