येमूल आणि वेमुला : एका आडनावाचे ध्वनिपरिवर्तन

ध्वनिपरिवर्तनाचे जे नियम आपण पाहिले, ते आता ‘येमूल’ या एकाच आडनावात तपासून पाहू. महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळणारे हे आडनाव सोलापूरच्या पूर्व भागात आणि भिवंडीत मात्र परिचित आहे. याचे कारण विणकामात आहे. तेलंगणातील पद्मशाली विणकर मागांच्या आधाराने या गावांत स्थिरावले. सोलापुरात 1877 साली पहिली कापड गिरणी उभी राहिल्यावर हा ओघ वाढला.

तेलुगूत आडनावास ‘इंटिपेरु’, म्हणजे घराचे नाव, म्हणतात आणि ते व्यक्तिनामाच्या आधी लावतात. सोलापुरात ते मराठी रीतीप्रमाणे शेवटी गेले. रूप मात्र त्याहून अधिक बदलले.

तेलुगू ‘वेमु’ म्हणजे कडुनिंब. त्याचे अनेकवचनी सामान्यरूप ‘वेमुल’, म्हणजे ‘कडुनिंबांचे’. तेलंगणाच्या बोलीत शब्दारंभीच्या ‘वे’चा उच्चार ‘ये’ किंवा ‘या’ असा होतो. प्रमाण तेलुगूतील ‘वेप’ (कडुनिंबच) तेथे ‘याप’ होतो. म्हणून ‘वेमुल’चे ‘येमुल’ झाले, आणि विणकरांनी हेच बोलीतील रूप सोबत आणले. पुढचे काम मराठीने केले. मराठीत शब्दान्तीचा ‘अ’ उच्चारात लोपतो आणि अकारान्त शब्दातील उपान्त्य उकार दीर्घ लिहितात. ‘येमुल’चे ‘येमूल’ झाले ते असे. ‘सादूल’, ‘बत्तूल’ यांतील दीर्घ ऊकारही याच नियमाचा.

एका भावाच्या दाखल्यावर ‘येमूल’ आणि तेलंगणातील चुलतभावाच्या दाखल्यावर ‘वेमुला’ असले, की ‘यातले शुद्ध कोणते?’ असा प्रश्न हमखास येतो. ‘येमूल’ला अपभ्रष्ट ठरवण्याची घाई करू नका. तेलुगू लिपीत या नावाच्या शेवटी ऱ्हस्व ‘अ’च आहे, ‘वेमुला’तील ‘आ’ रोमन लेखन देवनागरीत उतरवताना शिरला. म्हणजे ज्या रूपाला आपण मूळ समजतो, तेही प्रवास करूनच आलेले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, ‘येमूल’ने तेलंगणाचा उच्चार अधिक प्रामाणिकपणे जपला आहे.

आता ‘म्याकल’ हे सोलापुरी आडनाव घ्या. तेलुगूत ‘मेक’ म्हणजे शेळी. वरील टप्प्यांच्या आधारे त्याची घडण स्वतः मांडून पाहा. जमल्यास असे आडनाव असलेल्या एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीकडून त्याचा उच्चार आधी कानाने ऐका. दारावरच्या पाटीकडे नंतर पाहा.