घेणारा आधी गेला तर

आमची आत्या शाळेत शिकवत असे. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नव्हते. ती माहेरी परतली आणि पुढे पगारातून दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. मृत्युपत्रात तो तिने माझ्या थोरल्या भावाला दिला. सह्या, साक्षीदार, तारीख, सारे चोख. भाऊ तिच्या दीड वर्ष आधी गेला. शेवटपर्यंत तिचे सगळे वहिनीने केले. आत्या गेल्यावर वकिलांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हे दान आता उरलेलेच नाही."

ते का, म्हणून मी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ वाचायला घेतला. कलम १०५ म्हणते, मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी घेणारा वारला, आणि मृत्युपत्रात त्याची काही तजवीज नसली, तर दान व्यपगत होते, म्हणजे गळून पडते, आणि उर्वरित मिळकतीत जाते. ही 'उर्वरित' कोणाला, ते आत्याने लिहिले नव्हते. म्हणजे ब्लॉकपुरते मृत्युपत्र नसल्यासारखेच. मग लागू झाला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६. त्याच्या कलम १५ प्रमाणे निपुत्रिक विधवेची स्वकष्टाची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांना मिळते. माहेरचे त्यांच्या मागे. सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या एका विधवेच्या कमाईबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली हाच क्रम धरला. आत्याच्या ब्लॉकचे मालक ठरले तिच्या दिराचे मुलगे.

कलम १०९ मध्ये अपवाद आहे, पण तो मुले-नातवंडे अशा थेट वंशजांपुरता. भाचा त्यात बसत नाही. त्या कलमाखालचे उदाहरण मला एखाद्या कथाबीजासारखे वाटले. बाप मुलाला रक्कम देतो. मुलगा बापाआधी वारतो, मागे त्याचा मुलगा असतो. आणि त्याने स्वतःच्या मृत्युपत्रात सर्वस्व बायकोला दिलेले असते. नातू हयात म्हणून दान वाचते, पण रक्कम मिळते सुनेला! कारण कायदा असे धरून चालतो, की मुलगा बापाच्या लगेच नंतर वारला.

आणखी एक गंमत शब्दांची. "दोघांना" असे एकत्र दिले आणि एक आधी गेला, तर कलम १०६ प्रमाणे सारे दुसऱ्याला मिळते. "दोघांना निम्मे निम्मे" म्हटले की गेलेल्याचा वाटा गळतो. आत्याने भावाच्या नावापुढे नुसते "व त्याची पत्नी" एवढे लिहिले असते, तरी पूर्ण ब्लॉक वहिनीचा झाला असता. तीन शब्द. लिहून देणाऱ्याने तिला ते विचारलेच नाही, आणि आत्याच्या मनात तरी भाचा आपल्याआधी जाईल हे कुठून येणार?

चैत्रात वहिनीने किल्ली दिली. घेणाऱ्यांनी ती मिळाल्याचे तिच्याकडूनच लिहून घेतले.