पाण्यावरची साय

दूध तापवून ठेवले, की थोड्या वेळाने त्यावर साय धरते. घरात तुम्ही तिला मलई म्हणता. ही मलई काढताना अम्मी चमचा दुधात खोल बुडवत नाही. चमच्याची कड दुधाला जेमतेम टेकवते आणि मलई अलगद ओढून घेते. चमचा खोल गेला तर मलई फाटते आणि चमच्यात नुसते दूध येते.

साय पाण्यावरही धरते. ती खाण्याची नसते. ती मला प्रथम दिसली आमच्या कामठ्याच्या घरी, माशांच्या पेटीत.

धाकट्या बहिणीच्या हट्टामुळे अब्बांनी गोंदियाच्या बाजारातून काचेची एक पेटी आणि चार गोल्डफिश आणले होते. पहिले काही आठवडे छान गेले. मग मे महिना आला. एके दिवशी सकाळी उठून पाहतो तो काय, चारही मासे पाण्याच्या अगदी वर आले होते आणि तोंडे उघडून मिटत होते. "बिचाऱ्यांना भूक लागली आहे," असे म्हणून बहिणीने खाद्य टाकले. दुसऱ्या दिवशी तेच झाले, म्हणून तिने जास्त खाद्य टाकले. तिसऱ्या दिवशी त्यांतला एक मासा मरून तरंगत होता.

आमच्या शेजारी मासेमारी करणारे एक काका राहतात. गोंदिया हा तलावांचा जिल्हा. आमच्याकडे धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या लहान तळ्यांना बोडी म्हणतात. काकांचे आयुष्य अशा बोड्यांच्या काठी गेलेले. त्यांनी पेटीकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे बेटा, याला भूक नाही लागली. याला दम लागला आहे. बोडीतली मासळीसुद्धा उन्हाळ्यात पहाटे अशीच वर येते."

मग त्यांनी पेटीच्या वरच्या पाण्याकडे बोट दाखवले. तिरप्या उजेडात तेथे एक पातळ, तेलकट पापुद्रा चमकत होता. बोट लावले की तो सरकायचा आणि पुन्हा जुळून यायचा.

मासे पाण्यात राहत असले, तरी त्यांनाही प्राणवायू लागतोच. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते कल्ल्यांनी घेतात. तो असतोच किती? एक लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर प्राणवायू असतो. 30 अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम पाच-सहा मिलिलिटर मावतो. पाणी जितके गरम, तितका तो कमी मावतो. म्हणून उन्हाळा माशांना जड जातो. शिवाय पाण्यातल्या वनस्पती दिवसा प्राणवायू तयार करतात, पण रात्री त्या स्वतःच तो वापरतात. त्यामुळे सूर्य उगवण्याच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे नेमके तेव्हाच वर का येतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. हवेच्या लगतच्या पातळ थरात थोडासा प्राणवायू जास्त असतो. ते त्याच्या शोधात येतात.

मागूर आणि मरळ या माशांची गोष्ट वेगळी. ते तोंड वर काढून सरळ हवाच घेऊ शकतात. रोहू, कतला यांना ते जमत नाही. गोल्डफिशही असा फार काळ तग धरत नाही.

हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. पाणी हलत असेल, लाटा उठत असतील, तर तो लवकर शिरतो. साय नेमकी येथेच आड येते. माशांच्या खाद्यातले तेल आणि प्रथिने, माशांच्या अंगावरचा चिकट पदार्थ, कुजलेली पाने, हवेतली धूळ, एवढेच काय, स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकट धूर, हे सारे पाण्यावर जमते. त्यावर सूक्ष्मजीव वाढतात. असा थर पाण्याला नीट हलू देत नाही आणि वायूंची ये-जा मंदावते. बहिणीने भूक समजून टाकलेले खाद्य या सायीतच भर घालत होते. उरलेले तळाशी कुजत होते आणि कुजताना प्राणवायू खात होते.

तेलाचा थर किती पातळ पसरतो, याची एक प्रसिद्ध हकिकत आहे. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लंडनजवळच्या एका तळ्यात चहाचा एक चमचा तेल ओतले. ते सुमारे अर्धा एकर पसरले आणि तेवढ्या भागातले पाणी आरशासारखे शांत झाले. 1774 साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. आमची पेटी तर दोन हात लांबीची!

आता पेटीतली साय काढायची कशी? त्यासाठी स्किमर नावाचे लहानसे उपकरण मिळते. त्याची युक्ती अम्मीच्या चमच्यासारखीच आहे. एक प्लॅस्टिकची वाटी पाण्यात अशी बसवलेली असते, की तिची कड पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली राहते. वाटीच्या तळाशी लहान मोटार असते. मोटार वाटीतले पाणी ओढते. वाटीतली पातळी उतरते आणि बाहेरचे पाणी कडेवरून आत ओघळू लागते. हे पाणी अगदी वरच्या थराचे असते, म्हणून साय त्याच्याबरोबर आत येते. पुढे स्पंज असतो. त्यात घाण अडकते आणि पाणी नळीतून परत पेटीत पडते. परत येणारे पाणी पृष्ठभाग हलवते. माझ्या मते निम्मे काम या हलण्यानेच होते.

समुद्राच्या पाण्याच्या पेटीसाठी फेस करणारे वेगळे स्किमर असतात. गोड्या पाण्यात तसा फेस नीट होत नाही. दुकानात नाव सारखेच, म्हणून विचारून घ्यावे.

वाटीची कड फार खाली गेली, तर साधे पाणीच आत येते आणि साय तशीच राहते. कड वर राहिली, तर मोटार हवा ओढते आणि गुडगुड आवाज येतो. आमच्याकडे मे महिन्यात पेटीतले पाणी आटून रोज थोडे खाली जाते. तेव्हा पातळीबरोबर वरखाली होणारी, तरंगती वाटी असलेला स्किमर बरा. लहान पिल्ले कडेवरून आत ओढली जातात, म्हणून तोंडावर जाळी हवी. खाद्य टाकण्यापूर्वी तो बंद करावा, नाहीतर माशांआधी तोच जेवतो. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले उपयोगी सूक्ष्मजीव मरतात. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेचे बटण बंद करून प्लग काढायला विसरू नका.

आमच्या पेटीवरची साय दीड-दोन तासांत गेली. तरी काकांनी आम्हांला खाद्य निम्म्याने कमी करायला लावले, थोडे पाणीही बदलायला लावले. पेटीत मासे दाटीने भरले असतील आणि खाद्य भरमसाट पडत असेल, तर स्किमर काहीच करू शकत नाही. साय पुन्हा धरते.

स्किमर नसेल तर? पाणी भरलेल्या पेटीवर कोरा कागद अलगद पसरावा आणि एका टोकाने उचलावा. साय कागदाला चिकटून येते. किंवा पेला तिरपा करून त्याची कड पाण्याला टेकवावी. वरचे पाणी आपोआप पेल्यात येते.

हे उपाय आम्हांला काकांनी सांगितले नाहीत. त्यांचा उपाय बोडीवरचा आहे. पहाटे मासळी वर आली, की ते बांबूने पाणी झोडपतात. पाणी उसळते, हवा मिसळते. आता आमच्याकडे रात्री वीज गेली, की बहीण उठते, पेटीतले पाणी मगात घेते आणि हातभर उंचीवरून परत पेटीत सोडत बसते. तिचे तीन मासे अजून आहेत.