पाळकाच्या गावी आलेली पाठशाळा

ख्रिस्ती धर्माचा विस्तार एखाद्या मुलुखात झपाट्याने होऊ लागला म्हणजे तेथील मंडळ्यांपुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांत सर्वांत बिकट प्रश्न पाळकांचा असतो. प्रार्थनामंदिर चार लोक मिळून श्रमदानाने उभारतात, ते नसले तर कोणाच्या ओसरीवर उपासना भरते. परंतु उपदेश करणारा, बाप्तिस्मा देणारा, प्रभुभोजनाचा विधी चालविणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा आणि भांडण मिटविणारा जाणता मनुष्य एका हंगामात उभा करता येत नाही. आफ्रिकेत १९०० साली ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे एक कोटी होती, ती शतक संपताना पस्तीस कोटींच्या वर गेली. आपल्या शेजारच्या नेपाळात १९६१ च्या खानेसुमारीत ज्या धर्माचे अवघे ४५८ लोक नोंदले गेले, त्याच धर्माचे लोक २०२१ च्या खानेसुमारीत पाच लाखांवर भरले. या वेगाने वाढणाऱ्या समाजाला तितक्याच वेगाने पाळक पुरविणे कोणत्याही वसतिगृही विद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे. या अडचणीतून जी एक शिक्षणपद्धती मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या लहानशा देशात जन्मास आली आणि 'टी.ई.ई.' ('थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन') या आद्याक्षरांनी पुढे जगभर ओळखली जाऊ लागली, तिचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

धर्मोपदेशकाला समाजातून काही वर्षे बाजूला काढून एका आवारात शिकवावे ही कल्पना फार जुनी आहे, असा समज असला तरी तो खरा नाही. रोमन कॅथलिक पंथात प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी चालवावी असा ठराव ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये केला; प्रॉटेस्टंट पंथांनी बहुतांशी विद्यापीठांवर भिस्त ठेवली आणि अमेरिकेत अँडोव्हर येथील प्रसिद्ध सेमिनरी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली. महाराष्ट्राशी तिचा संबंध निकटचा आहे. या सेमिनरीत शिकलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे तरुण १८१३ मध्ये मुंबईस उतरले, आणि त्यांनी घातलेल्या पायावर उभी राहिलेली अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये अहमदनगरास पोचली. ज्या व्यवस्थेत आपले धर्मशिक्षण झाले, तीच व्यवस्था हे लोक जेथे गेले तेथे घेऊन गेले यात नवल नाही. वसतिगृह, ग्रंथालय, ठराविक वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटी पदवी आणि मग दीक्षा, हा शिरस्ता आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत रूढ झाला. १९५८ च्या आरंभी अक्रा येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेच्या अधिवेशनात या विद्यालयांचा दर्जा उंचावण्यासाठी चाळीस लाख डॉलरांचा निधी उभारण्याचे ठरले, त्यांपैकी निम्मी रक्कम रॉकफेलर यांच्याकडून आली. हा निधी सत्कारणी लागला हे निःसंशय. पण चांगला पाळक म्हणजे चांगल्या विद्यालयातून बाहेर पडलेला तरुण, हे गृहीतक त्याने अधिकच दृढ केले.

या गृहीतकाची किंमत प्रेस्बिटेरियन पंथाला पूर्वी एकदा मोजावी लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी आणि टेनेसीच्या सरहद्दीवर धर्मजागृतीची मोठी लाट उसळली, वस्त्यावस्त्यांवर नव्या मंडळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांना पाळक हवे झाले. लॅटिन, ग्रीक शिकलेला पदवीधर तेथे मिळणे शक्य नव्हते. स्थानिक मंडळाने कमी शिकलेल्या परंतु गुणी माणसांना दीक्षा देण्यास आरंभ केला, वरिष्ठांनी त्याला हरकत घेतली, आणि या व इतर मतभेदांतून १८१० मध्ये कंबरलंड प्रेस्बिटेरियन हा निराळा पंथ फुटून निघाला. याच काळात मेथडिस्ट पंथाचे घोड्यावरून हिंडणारे उपदेशक नेमून दिलेले ग्रंथ प्रवासातच वाचीत, वरिष्ठ उपदेशकाच्या हाताखाली उमेदवारी करीत आणि काम करता करताच तयार होत. त्यामुळे त्या मुलुखात त्यांचा पंथ कितीतरी वेगाने पसरला. काम आणि अध्ययन यांची फारकत न करता पाळक घडविता येतो, याचा दाखला इतिहासात असा आधीपासूनच होता.

ग्वाटेमालात प्रेस्बिटेरियन मिशन १८८२ मध्ये आली, ती तेथील उदारमतवादी अध्यक्ष हुस्तो रुफीनो बारियोस यांच्या निमंत्रणावरून. पुढे राजधानीत या पंथाची सेमिनरी स्थापन झाली. तिच्या पंचवीस वर्षांच्या कारभाराचा ताळेबंद १९६२ च्या सुमारास मांडण्यात आला तेव्हा जे निष्पन्न झाले ते अत्यंत खेदजनक होते: दोनशेंहून अधिक विद्यार्थी या विद्यालयात दाखल झाले होते, परंतु त्यांपैकी पाळकाचे काम प्रत्यक्ष करीत असलेले अवघे दहा होते. मंडळ्यांतील बहुसंख्य लोक खेड्यांतले, गरीब, कित्येक माम, किचे आदी माया भाषा बोलणारे. आणि त्यांच्यासाठी निवडलेला तरुण राजधानीत काही वर्षे राहून शहराच्या राहणीला सरावला की कॉफीच्या मळ्यांतील वस्तीवर परत जाण्यास राजी नसे. जो गेला असता, त्याला मुळात येताच येत नव्हते. चाळिशीचा, कुटुंबवत्सल, शेतावर किंवा मळ्यावर राबणारा, गावात ज्याच्या शब्दाला मान आहे आणि पाळक नसताना रविवारची उपासना जो वर्षानुवर्षे विनावेतन चालवीत आला आहे, अशा गृहस्थाने बायकामुलांना कोणाच्या भरवशावर सोडून राजधानीस जावे?

हा पेच ज्यांनी ओळखला त्यांत जेम्स एमरी, राल्फ विंटर आणि थोड्याच काळाने त्यांना येऊन मिळालेले रॉस किन्सलर हे तिघे मिशनरी प्रमुख होत. विंटर यांचे मूळ शिक्षण स्थापत्य-अभियांत्रिकीचे, नंतरचे भाषाशास्त्राचे आणि मानवशास्त्राचे. माम लोकांत त्यांनी दहा वर्षे काढली. तिघांच्या विचाराचा गाभा असा की पुढारी विद्यालयात निर्माण होत नाही, तो मंडळीत आधीच असतो. मंडळीने त्याला त्याच्या वागणुकीवरून ओळखलेले असते, आणि शिक्षणाचे कार्य त्याला शोधून त्याच्यापाशी जाणे हे आहे. प्रथम सेमिनरीचे बिऱ्हाड राजधानीतून हलवून पॅसिफिककडच्या उतारावरील रेतालुलेऊ प्रांतातील सान फेलिपे या गावी नेण्यात आले. पण विद्यालय जवळ आले तरी रोजीरोटी सोडून तेथे येऊन राहणे लोकांना जमेना. तेव्हा १९६३ पासून शिक्षकांनीच ठिकठिकाणच्या केंद्रांवर जाण्याचा उपक्रम सुरू झाला.

या पद्धतीचे तीन अवयव आहेत. पहिला, विद्यार्थ्याने घरी रोज थोडा वेळ काढून करावयाचा स्वाध्याय. दुसरा, आपल्या मंडळीत तो करीत असलेले प्रत्यक्ष काम. आणि तिसरा, या दोहोंना जोडणारी शिक्षकाबरोबरची साप्ताहिक बैठक. मिशिगन राज्य विद्यापीठातील शिक्षणशास्त्रज्ञ टेड वॉर्ड यांनी तिला लाकडी कुंपणाची उपमा दिली: ज्ञान आणि अनुभव हे दोन आडवे वासे, आणि ठराविक अंतराने त्यांना एकत्र धरून ठेवणारे खांब म्हणजे त्या बैठका. खांब मोडला तर दोन्ही वासे एकदमच जमिनीवर येतात, हे या उपमेतले मर्म पुढे अनेक देशांत अनुभवास आले.

स्वाध्यायाचे पुस्तक कसे असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्यात प्रवचनासारखा सलग मजकूर नसतो. मार्कलिखित शुभवर्तमानावरील पाठ असेल तर प्रथम पहिल्या अध्यायातील काही वचने वाचावयास सांगितलेली असतात. मग तापाने फणफणलेली शिमोनाची सासू कोठे निजली होती, येशूला तिच्याविषयी कोणी सांगितले, त्याने काय केले, बरी झाल्यावर ती काय करू लागली, असे लहान लहान प्रश्न एकामागून एक येतात. प्रत्येकापुढे उत्तरासाठी रिकामी जागा असते आणि बरोबर उत्तर पानावरच थोडे दूर छापलेले असते, म्हणजे ज्याने लिहिले त्याला आपली चूक तत्काळ स्वतःच दुरुस्त करता यावी. पाठाच्या अखेरीस मात्र असा प्रश्न येतो, की ज्याचे उत्तर छापता येत नाही: या आठवड्यात तुमच्या वस्तीत आजारी कोण आहे, आणि मंडळीतर्फे त्याच्या घरी कोण जाऊन आले? दिवसभर मळ्यात राबून रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षर अक्षर लावीत वाचणाऱ्या माणसाला या पुस्तकात पुढे सरकता येते, आणि पदवीधर शिक्षकालाही त्याच पानावर दुसऱ्या दिवशीच्या कामाचा धडा मिळतो.

बैठकीचा विषय याच शेवटच्या प्रश्नापासून सुरू होतो. शिक्षक व्याख्यान देत नाही. पाठ वाचून झालेलाच आहे, असे धरून तो चर्चा चालवितो. कायदेशीर विवाह न करता वर्षानुवर्षे संसार करीत असलेले जोडपे बाप्तिस्मा मागते, त्याला काय उत्तर द्यावे? मळ्याच्या मुकादमाने रविवारी कामावर बोलाविले तर मंडळीतील मजुराला कोणता सल्ला द्यावा? असे प्रश्न सोडविताना विद्यार्थी शास्त्रवचनाचा आधार शोधतो, सहाध्यायी आपले अनुभव सांगतात, आणि शिक्षक केव्हा बोलावे व केव्हा गप्प राहावे हे शिकत जातो. जेमतेम प्राथमिक शाळा पाहिलेला आणि माध्यमिक शिक्षण पुरे केलेला, असे दोघेही या वर्तुळात शेजारी बसतात. अभ्यासाची खोली निरनिराळी असली तरी विषय एकच असतो. आपापल्या मंडळीतील जबाबदारी दोघांनीही स्वीकारलेली असल्यामुळे येथे कोरे पांडित्य फारसे चालत नाही.

ही वार्ता पसरण्यास वेळ लागला नाही. १९६७ मध्ये कोलंबियातील आर्मेनिया शहरी या विषयावर परिषद भरली. १९६९ मध्ये विंटर यांनी संपादिलेला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दक्षिण अमेरिकेत अँग्लिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या 'सीन' या उपक्रमाची पुस्तके अनेक भाषांत गेली. दक्षिण आफ्रिकेत १९७६ मध्ये निरनिराळ्या पंथांनी मिळून असे महाविद्यालय काढले, वर्णभेदाच्या त्या काळात हे एकत्र येणे लहानसहान गोष्ट नव्हती. भारतात १९७१ मध्ये बंगळूर येथे 'टाफ्टी' ही संस्था स्थापन झाली आणि इंग्रजीबरोबर देशी भाषांतूनही तिचे अभ्यासक्रम निघाले. यवतमाळास १९५३ मध्ये सुरू होऊन पुढे पुण्यास आलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारखी वसतिगृही विद्यालये जे करतात, त्याला पूरक असे काम नोकरदार, शिक्षक, परिचारिका, गृहिणी यांच्यात ती करू लागली. स्त्रियांचा उल्लेख येथे मुद्दाम केला पाहिजे. ज्या पंथांत त्यांना दीक्षा मिळत नव्हती आणि म्हणून सेमिनरीची दारेही सहसा उघडत नव्हती, तेथे या वर्गात त्यांना पुरुषांच्या बरोबरीने बसता आले, आणि मंडळीचे अर्धेअधिक काम त्या पूर्वीपासूनच करीत होत्या हे सर्वांच्या ध्यानात आले.

या पद्धतीच्या उणिवांवर पांघरूण घालणे तिच्या हिताचे नाही. चांगले स्वाध्यायपुस्तक लिहिणे अतिशय कष्टाचे असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या देशात लिहिलेली पुस्तके भाषांतरित करून वापरण्यात आली. अँडीज पर्वतातील शेतकऱ्यासाठी रचलेला प्रश्न कारखान्यातील कामगाराला परका वाटला. रिकाम्या जागा भरण्यातच समाधान मानणारे वर्ग निघाले. शिक्षक पुरेसे नसले की साप्ताहिक बैठक पाक्षिक होते, मग मासिक, आणि मग उरते ते केवळ टपालाने चालणारे शिक्षण. शिवाय कित्येक पंथांच्या वरिष्ठांनी या विद्यार्थ्यांना दुय्यम लेखले: अभ्यास पुरा झाला, गावाची मान्यता होती, तरीही दीक्षेचा अधिकार मिळाला नाही. शिक्षण दारापर्यंत न्यावयाचे आणि अधिकार मात्र दूरच्या दप्तरात ठेवावयाचा, ही विसंगती ज्या पंथांनी दूर केली नाही त्यांच्यात ही चळवळ थोड्याच वर्षांत क्षीण झाली.

वसतिगृही सेमिनरी निरुपयोगी ठरली, असा याचा अर्थ नाही. मूळ भाषांचे ज्ञान, शास्त्रग्रंथांचे भाषांतर, धर्मविचाराची परंपरा जतन करणे आणि पुढील शिक्षकांची पिढी तयार करणे ही कामे दीर्घ आणि एकाग्र अध्ययनावाचून होत नाहीत. स्वाध्यायपुस्तके लिहिणारे विद्वानही अशाच विद्यालयांत घडतात. मात्र हजारो लहान मंडळ्यांचा भार थोड्या पदवीधरांवर टाकणे जसे अन्यायाचे आहे, तसेच अशिक्षित पुढाऱ्याला त्याच्या नशिबावर सोडून देणेही. अर्धवट शास्त्रज्ञानावर सर्वाधिकार गाजविणारे, चमत्काराची आणि समृद्धीची हमी देऊन गरिबाची मिळकत लुबाडणारे उपदेशक वाढत्या मंडळ्यांत सहज शिरकाव करतात, आणि त्यांना आवर घालणारी सर्वांत खात्रीची शक्ती म्हणजे स्वतः वाचणारा, प्रश्न विचारणारा आणि सहाध्यायांपुढे उत्तरदायी असलेला स्थानिक पाळक होय.

ग्वाटेमालाच्या त्या तिघांनी केलेली कामगिरी मला यासाठी थोर वाटते, की आपल्या संस्थेचे अपयश आकड्यांत मांडण्याचे आणि त्याचा दोष विद्यार्थ्यांवर न ढकलण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. निवड करण्याचा अधिकार त्यांनी मंडळीला परत दिला, आणि प्रवासाची दगदग शिक्षकाकडे घेतली. शिक्षण कोणाला द्यावयाचे हे ठरविण्यापूर्वी काम कोण करीत आहे हे पाहावे, हा त्यांचा दंडक धर्मक्षेत्रापुरता मर्यादित नाही. गावची परिचारिका असो, शिक्षक असो किंवा पंचायतीचा सभासद, जो भार आधीच उचलीत आहे त्याला तो नीट उचलता यावा म्हणून विद्या त्याच्या वेळेला, भाषेला आणि ऐपतीला जुळवून घेईल, तर समाजाला पुढाऱ्यांची वाण पडणार नाही.