आधुनिकतावादाची हद्द आणि सुझन फ्रीडमन

जुने छंद आणि कथनरीती मोडून नव्या रचनेचा शोध घेणारा इंग्रजी आधुनिकतावाद साधारण १८९० ते १९४० या काळातला मानला जातो, आणि त्याचा इतिहास दीर्घकाळ पाउंड, एलियट, जॉइस या पुरुषांभोवतीच सांगितला गेला. या इतिहासाची हद्द आखली कोणी, हा प्रश्न विस्कॉन्सिन विद्यापीठातील समीक्षक सुझन स्टॅनफर्ड फ्रीडमन (१९४३–२०२३) यांनी आयुष्यभर लावून धरला.

आरंभ झाला तो कवयित्री हिल्डा डूलिटल यांच्यापासून. १९१२ मध्ये एझ्रा पाउंड यांनी त्यांच्या कवितांखाली ‘एच. डी., इमॅजिस्ट’ अशी सही घातली आणि नेमक्या, आटोपशीर प्रतिमेच्या त्या अल्पजीवी चळवळीतच समीक्षकांनी डूलिटल यांना कायमचे बसवून टाकले. हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती, ती इजिप्तमध्ये होती, या प्राचीन ग्रीक कथाभेदावर त्यांनी उभारलेल्या ‘हेलन इन इजिप्त’ या दीर्घकाव्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. उलट १९३३-३४ मध्ये व्हिएन्नात त्यांनी फ्रॉइड यांच्याकडे मनोविश्लेषण करून घेतले, एवढ्याच धाग्यावरून काहींनी त्यांच्या काव्याचे मूळ पुरुष नसल्याच्या खंतीत शोधले. या कवयित्रीला पुरले कोणी, असे विचारणारा फ्रीडमन यांचा निबंध १९७५ मध्ये आला. ‘सायकी रीबॉर्न’ (१९८१) या ग्रंथात त्यांनी दाखवले की डूलिटल यांनी स्वप्ने आणि मिथके उलगडण्याची फ्रॉइड यांची रीत घेतली, पण स्त्रीविषयीचा त्यांचा सिद्धान्त नाकारला. लेखिकांच्या विस्मृत कृती शोधणे आणि श्रेष्ठतेचे निकषच लिंगभावाच्या अंगाने तपासणे, ही स्त्रीवादी समीक्षेची दोन्ही कामे येथे एकत्र येतात.

‘प्लॅनेटरी मॉडर्निझम्स’ (२०१५) मध्ये हाच प्रश्न भूगोलाला लावला गेला. युरोपात घडले ते मूळ आणि इतरत्र घडले ते उशिराचे अनुकरण, ही समजूत त्यांनी नाकारली. जेथे जेथे वेगवान उलथापालथ झाली तेथे आधुनिकता आणि तिला कलेने दिलेला प्रतिसाद संभवतो, असे म्हणत त्या तांगकालीन चिनी कवी दू फू आणि कबीर यांच्यापर्यंत पोहोचल्या. मग आधुनिकतावादी नसलेले उरते काय, हा आक्षेप येथे वजनदार ठरतो आणि त्याचे पुरते निरसन होत नाही. व्हर्जिनिया वुल्फ आणि टागोर कुटुंब, फॉर्स्टर आणि अरुंधती रॉय असे शेजारी ठेवून केलेले वाचन मात्र अधिक पटते, कारण तेथे प्रभावाचा हिशेब मागे पडून दोन्ही बाजूंची परिस्थिती दिसू लागते. मर्ढेकरांवर एलियटची छाया किती, हा मराठीतला जुना वादही मग महायुद्धकालीन, यंत्रमय मुंबईने त्यांच्या कवितेपुढे कोणते प्रश्न टाकले, या बाजूने मांडता येतो.