शेगडीवरचे मांस: बाहेर करपते आणि आत कच्चे राहते ते का?

यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला उष्णता स्थानांतरण शिकवताना भट्टीची भिंत आणि वाफेचा पाइप ही दोन उदाहरणे ठरलेली असतात. मुले गणित बरोबर सोडवतात, पण त्यांतल्या फारच थोड्यांनी भट्टी जवळून पाहिलेली असते. म्हणून मी तिसरे उदाहरण घेतो: गच्चीवरची कोळशाची शेगडी आणि तिच्या जाळीवर ठेवलेली कोंबडीची तंगडी. बाहेरून काळी, चावल्यावर हाडाजवळ गुलाबी आणि थंड. हा अनुभव बहुतेकांना असतो, आणि त्याचे कारण वहन, अभिसरण व प्रारण या तीन शब्दांत सापडते. शाकाहारी विद्यार्थ्यांनी तंगडीच्या जागी पनीर किंवा बटाटा घ्यावा. पहिल्या दोन विभागांतले गणित तेच राहते.

१. निखाऱ्यातून उष्णता कशी येते

तव्यावर मांस टाकले की उष्णता मुख्यतः स्पर्शाने, म्हणजे वहनाने जाते. हैदराबादचा 'पत्थर का गोश्त' हे त्याचे शुद्ध उदाहरण आहे: तापलेला दगड आणि त्याला चिकटलेला मांसाचा तुकडा. जाळीवर मात्र लोखंडाच्या काड्यांचा स्पर्श थोड्याच भागाला होतो. बाकीच्या भागाला उष्णता मिळते ती निखाऱ्यांच्या प्रारणातून आणि वर चढणाऱ्या गरम हवेतून. तंदूरमध्येही हेच दोन मार्ग चालतात. फक्त तिथे निखाऱ्यांच्या जोडीला तापलेली मातीची भिंतही चारी बाजूंनी प्रारण देते.

प्रारण हे निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. निखाऱ्याचा पृष्ठभाग ५०० अंश सेल्सिअस असेल तर आदर्श प्रारक म्हणून तो दर चौरस मीटरला सुमारे २० किलोवॉट देतो. पुठ्ठ्याने वारा घालून तोच ७०० अंशांवर नेला तर हा आकडा ५१ किलोवॉट होतो. तापमान २०० अंशांनी वाढले आणि उष्णता अडीच पट झाली. शेगडीला उगाच वारा घालत बसणारा माणूस मांस का करपवतो, ते यातून कळावे.

दुसरा गैरसमज जाळीच्या उंचीबद्दल आहे. 'अंतर दुप्पट केले की उष्णता चौथाई' हा नियम बिंदूएवढ्या स्रोताचा आहे. शेगडीतला निखाऱ्यांचा थर बिंदू नसतो. ४० सेंमी बाय ३० सेंमीचा थर धरून दृश्य गुणांक काढला, तर मध्यावर १० सेंमी उंचीला तो सुमारे ०.७८ येतो आणि २० सेंमी उंचीला सुमारे ०.४८. म्हणजे उंची दुप्पट करूनही उष्णता फक्त ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाली. जाळी दोन बोटे वर उचलून करपणे थांबत नाही, ते यामुळे. तुकडा निखाऱ्यावरून बाजूला सरकवणे हाच खरा उपाय आहे. त्याकडे पुढे येऊ.

२. आत जायला वेळ लागतो

मांसात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते, पण ते तंतूंत अडकलेले असल्यामुळे वाहत नाही. त्यामुळे आतली उष्णता फक्त वहनाने पुढे सरकते, आणि मांस हे त्या बाबतीत मंद आहे. त्याची औष्णिक विसरणता साधारण १.३ गुणिले १० चा ऋण सातवा घात चौरस मीटर प्रति सेकंद, जवळपास पाण्याइतकीच. लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि सगळी गोम या 'वर्गा'त आहे.

समजा, तुकड्याचा पृष्ठभाग १०० अंशांवर धरला (ओला असेपर्यंत तो त्याच्या फार वर जात नाही) आणि आतले तापमान २५ वरून ७० अंशांपर्यंत न्यायचे आहे. दोन्ही बाजूंनी उष्णता मिळणाऱ्या २० मिमी जाड तुकड्याला सुमारे ६ मिनिटे लागतात. तोच तुकडा ४० मिमी जाड असेल तर १२ नव्हे, सुमारे २४ मिनिटे. जाळीवर एका वेळी एकच बाजू तापते, म्हणून प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच धरावा.

दरम्यान पृष्ठभागावरचे पाणी उडून जाते. ते संपले की पृष्ठभाग १०० अंशांच्या वर झपाट्याने चढतो. १४० अंशांच्या आसपास प्रथिने आणि शर्करा यांची अभिक्रिया जोरात सुरू होते आणि तपकिरी रंग व भाजल्याचा वास येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. अजून वर गेले की कोळसा होतो. पातळ तुकड्याला तपकिरी रंग आणि आतली शिजण्याची वेळ एकदमच येते. जाड तुकड्यात या दोन वेळांत वीस मिनिटांचे अंतर पडते, आणि तंगडी बिघडते ती त्या वीस मिनिटांत. म्हणूनच आपल्याकडच्या कबाबवाल्यांनी मांस लहान बोटीत कापले, खिमा सळईवर पातळ थापला, तंगडीला हाडापर्यंत चिरा दिल्या. चिरा मसाला आत जावा म्हणून देतात असे सांगतात. तेही खरे, पण मुख्य फायदा जाडी कमी होण्याचा आहे.

३. मऊपणा कुठे जातो

मांसातले मायोसिन हे प्रथिन ५० अंशांच्या आसपास आळू लागते. ६० ते ६५ अंशांदरम्यान तंतूंभोवतीचे कोलॅजन आकसते आणि तंतू पिळून पाणी बाहेर काढते. ७० अंशांच्या आसपास ॲक्टिनही आळते, आणि त्यानंतर कोंबडीची छाती कापसासारखी कोरडी होते. म्हणजे मऊ तुकडा आणि चिवट तुकडा यांच्यात दहा-पंधरा अंशांचाच फरक असतो.

पण हेच कोलॅजन ७० अंशांच्या वर, ओलाव्यात, पुरेसा वेळ मिळाला तर विरघळून जिलेटिन होते. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकड, आणि त्याच्या खांद्यात व मांडीत कोलॅजन भरपूर. ते मोकळ्या निखाऱ्यावर अर्ध्या तासात मऊ होणार नाही. माझे मत सरळ आहे: अशा तुकड्यांना आधी कुकर. पूर्ण दाबाला कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे तासांचे काम मिनिटांत होते. मग कोरडे करून शेगडीवर फक्त रंग आणि धूर घ्यावा. काही जणांना ही लबाडी वाटते. चिवट बोटी चघळण्यापेक्षा ती बरी.

कच्च्या पपईतले पपेन प्रथिने तोडते. राजस्थानात याच कामाला काचरी वापरतात. पपेन ६० ते ७० अंशांच्या पट्ट्यात सर्वांत जोरात चालते, म्हणजे मांस तापत असतानाच. किलोला चमचा-दोन चमचे वाटण पुरते; जास्त झाले की बाहेरचा थर पिठासारखा होतो आणि आतला चिवटच राहतो, कारण दही, पपई, मसाला हे सगळे काही मिलिमीटरच आत शिरते. मीठ मात्र वेळ दिला तर खोल जाते आणि प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढवते. म्हणून मीठ रात्रीच चोळून ठेवावे, बाकी मसाला सकाळी लावला तरी चालतो.

४. सॉसेज: पातळ कवचाचा दंडगोल

सॉसेज म्हणजे मीठ घालून मळलेला खिमा आणि चरबी, आतड्याच्या किंवा कोलॅजनच्या कवचात भरलेली. मिठाने मायोसिन तंतूंतून सुटे होते, चिकट होते आणि शिजल्यावर पाणी व चरबी जाळ्यात धरून ठेवते. किलोला १५ ते २० ग्रॅम मीठ यासाठी लागते. मळताना खिमा बर्फासारखा थंड हवा; चरबी वितळू लागली की ती त्या जाळ्यात बसत नाही आणि शिजवताना सगळी बाहेर येते. घरच्या शीख कबाबाला हेच लागू आहे, तो बिनकवचाचा सॉसेजच. सळईवरून खिमा गळून पडत असेल तर बेसन वाढवण्याआधी मीठ, थंडपणा आणि मळण्याचा वेळ तपासावा.

शेगडीवर सॉसेज फुटतो, आणि नेहमी लांबीच्या दिशेने फुटतो. पातळ भिंतीच्या दाबपात्राचे सूत्र आठवा: परिघाच्या दिशेचा ताण हा लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. आत पाण्याची वाफ होते, बाहेरून कवच आकसते, आणि दुप्पट ताण सोसणारी बाजू आधी हार खाते. वर्गात हे सांगितले की सूत्र कोणी विसरत नाही.

काट्याने टोचून दाब सोडवणे हा लोकप्रिय उपाय चुकीचा आहे. भोकातून चरबी व रस निखाऱ्यावर पडतात, भडका उठतो, काजळी मांसावर बसते आणि तिच्याबरोबर अनेक वलये असलेली हायड्रोकार्बन संयुगेही येतात. त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. उपाय असा की वाफ होऊच देऊ नये. ३० मिमी व्यासाचा कच्चा सॉसेज फ्रिजमधून काढून ८५ अंशांच्या पाण्यात ठेवला, तर गणिताने सुमारे ११ मिनिटांत मध्यभाग ७१ अंशांवर येतो. पाणी उकळू द्यायचे नाही, तळाशी बारीक बुडबुडे दिसतील एवढेच. मग पुसून कोरडा करून मध्यम निखाऱ्यावर दोन-तीन मिनिटे फिरवत ठेवला की रंग येतो आणि कवच शाबूत राहते. बाजारातले गुळगुळीत चिकन सॉसेज बहुधा आधीच शिजवलेले असतात. पाकिटावर तसे लिहिले असेल तर पाण्याची पायरी गाळावी.

गोव्याचा चोरीस हा वेगळा प्राणी आहे. डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे तुकडे, मीठ, व्हिनेगर, लाल मिरची, लसूण, आणि मग वाळवणे: टिकवण्याचे काम आम्ल, मीठ आणि कमी पाणी मिळून करतात. त्याला उघड्या जाळीवर ठेवले तर त्याचा जीव असलेली लाल चरबी निखाऱ्यात जाते. तो कांदा आणि थोडे पाणी घालून भांड्यातच शिजवावा आणि पाव त्या चरबीत बुडवावा. प्रत्येक गोष्ट शेगडीवर नेलीच पाहिजे असे नाही.

५. दोन भागांची शेगडी

लोणारी कोळसा घ्यावा, दगडी कोळसा नव्हे. त्यातल्या गंधकाचा वास आणि धूर मांसाला लागतो. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आल्याशिवाय काही ठेवू नये. मग सगळे निखारे शेगडीच्या एका बाजूला ढकलावेत. दुसऱ्या बाजूला थेट प्रारण फारसे पोचत नाही. वर झाकण किंवा उलटी कढई ठेवली तर तिथे ओव्हनसारखी गरम हवा फिरते. जाड तुकडे आधी या बाजूला ठेवून आतून शिजवावेत आणि शेवटी निखाऱ्यावर आणून रंग द्यावा. उलट क्रमानेही चालते, पण मग पृष्ठभाग पुन्हा ओलसर होतो. भडका उठला तर पाणी न शिंपडता तुकडे थंड बाजूला सरकवावेत.

६. शिजले हे कसे ठरवायचे

रंगावर विसंबू नये. कोवळ्या कोंबडीचे मांस पूर्ण शिजूनही हाडाजवळ लालसर राहू शकते, आणि खिमा कच्चा असतानाच तपकिरी दिसू शकतो. टोकदार डिजिटल तापमापी सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, मध्यापर्यंत घुसवावी. अमेरिकी कृषी खात्याने दिलेली मर्यादा सोयीची आहे: कोंबडी ७४ अंश, लाल मांसाचा खिमा व त्याचे सॉसेज ७१ अंश, आणि लाल मांसाचा अखंड तुकडा ६३ अंश व त्यानंतर ३ मिनिटे विश्रांती. अखंड तुकड्यात जिवाणू मुख्यतः बाहेर असतात. खिमा करताना तेच सगळीकडे मिसळले जातात, म्हणून त्याची मर्यादा वर आहे. मुरवण्याचे उरलेले वाटण उकळल्याशिवाय शिजलेल्या मांसावर लावू नये, आणि कच्चे ज्या ताटातून नेले त्यात शिजलेले परत ठेवू नये. पाहुण्यांच्या गर्दीत ही दुसरी चूक फार सहज होते.

७. पाऊस आला म्हणून शेगडी आत घेऊ नका

कोळसा अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत बंद खोलीत अंगिठी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. सरकत्या काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही खोलीच आहे. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असे नसते. राखेने झाकलेले, शांत दिसणारे निखारेही हा वायू सोडत राहतात. डोके जड वाटणे, मळमळणे ही लक्षणे दिसली तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावे, आणि उपचारासाठी लगेच दवाखाना गाठावा. पाऊस आला तर शेगडी बाहेरच भिजू द्यावी आणि उरलेले मांस तव्यावर करावे. जेवणानंतर निखारे पाणी ओतून पूर्ण विझवल्याशिवाय शेगडी घरात आणू नये.

स्वाध्याय: विभाग २ मधली गृहीते ठेवून ३० मिमी जाडीचा सपाट तुकडा आणि ३० मिमी व्यासाचा लांब सॉसेज यांना लागणारा वेळ काढा. उत्तरे सुमारे साडेतेरा आणि सात मिनिटे येतील. दोघांत जवळपास दुपटीचा फरक का पडला, ते क्षेत्रफळ आणि आकारमान यांच्या गुणोत्तरावरून समजावून सांगा. नंतर सुरुवातीचे तापमान २५ ऐवजी ५ अंश धरून दोन्ही गणिते पुन्हा करा.