धंद्याला परवाना नको, बाईला शिक्षा नको

वेश्याव्यवसायाला कायद्याने मान्यता द्यावी का, या प्रश्नावर वस्तीत दोन तट पडतात. एक म्हणतो, मान्यता दिली तर गरिबाच्या पोरीबाळी त्यात ओढल्या जातील. दुसरा म्हणतो, मान्यता नाही म्हणूनच दलाल आणि पोलीस त्या बाईला लुबाडतात. शहागड हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक, आणि हंगाम आला की या भागातली माणसे ऊसतोडीला बाहेर जातात. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्याकडे एड्स नियंत्रण कार्यक्रम खास लक्ष देतो. म्हणून हा प्रश्न आपल्या आरोग्याचाही आहे.

आधी कायदा समजून घेऊ. १९५६ च्या ‘पिटा’ कायद्यात सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने देहविक्री करणे हाच गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणे, तिच्या कमाईवर जगणे, मुलीबाळींना धंद्याला लावणे, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. तरी धाड पडली की आधी बाईच धरली जाते. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, निरोध जवळ सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये आणि आई या धंद्यात आहे एवढ्याच कारणाने मूल तिच्यापासून तोडू नये.

मग परवाना द्यायला काय हरकत? जर्मनीने २००२ मध्ये या धंद्याला कायदेशीर चौकट दिली आणि २०१७ पासून नोंदणी सक्तीची केली. आपल्याकडे अशी नोंदणी कोण करील? एकदा नाव कागदावर चढले की तो शिक्का लेकरांनाही चिकटणार. शिवाय देवदासी, मुरळी, जोगतीण या प्रथांनी कोणत्या जातींच्या मुली या वाटेला लावल्या, हे आपल्याला कोणी सांगायला नको. जातीने लादलेल्या कामाला सरकारने ‘रोजगार’ म्हटले, तर दुसरे काम देण्याची जबाबदारी त्याच्या अंगावरून उतरते.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या भगिनींना हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे स्पष्ट सांगितले. समोर बसवून, माणूस म्हणून सांगितले. आम्ही त्याच बाजूचे आहोत. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या स्त्रिया याला काम म्हणून मान्यता मागतात. ती मागणी आम्हाला पटत नाही. पण निरोधासाठी आणि पोलिसी जाचाविरुद्ध त्या संघटित झाल्या, त्याचा आदर आहे. आमचे म्हणणे एवढेच: कुंटणखान्याला परवाना नको, बाईवर गुन्हा नको, आणि बाहेर पडायचे तिला घर, शिक्षण, काम मिळालेच पाहिजे.

ते होईपर्यंत तिने दवाखाना टाळू नये. अंगावरून पांढरे जाणे, दुर्गंधी, जांघेत गाठ, जखम, ओटीपोटात दुखणे अंगावर काढू नका. जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. एचआयव्हीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. बळजबरी झाली किंवा निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर रुग्णालय गाठा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी एचआयव्हीची लागण टळू शकते. प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही आणि गरमीची तपासणी व्हायलाच हवी, कारण आजार नवऱ्याकडूनही घरात येतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तपासणीचा निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. उपचार नाकारणे, शाळेतून किंवा कामावरून काढणे बेकायदा आहे.

काही उपासक तिसऱ्या शीलाचा दाखला देऊन अशा बाईला वाळीत टाकतात. ते शील गिऱ्हाईक होणाऱ्या पुरुषालाही आहे, त्याला कोणी जाब विचारते का? वैशालीची आम्रपाली गणिका होती. तिचे भोजनाचे निमंत्रण तथागतांनी आधी स्वीकारले होते, म्हणून नंतर आलेल्या लिच्छवींना नकार दिला. तिचे आम्रवन संघाने दान म्हणून घेतले. आपल्या विहाराच्या पायरीवर अशी कोणी आली, तर तिला सतरंजीवर जागा द्या, तिच्या लेकराला बालसंस्कार वर्गात बसवा.

एड्सविषयी मोफत सल्ल्यासाठी फोन क्रमांक १०९७. विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.